सातव्या मजल्यावरून पडलेली मांजरे

पतनाचा धडा शिकवताना वर्ग जागा ठेवणारे एखादे उदाहरण प्रत्येक शिक्षकाला हवेच असते. गेली काही दशके असे एक उदाहरण लोकप्रिय विज्ञानाच्या पुस्तकांतून फिरत आहे. उंच इमारतीवरून मांजर पडले, तर सातव्या मजल्यापर्यंत उंचीबरोबर इजा वाढत जाते. त्याहून वरून पडले, तर मात्र ती कमी होते! कारण असे सांगतात, की पुरेशा उंचीवरून पडताना मांजर अंतिम वेगाला पोचते, म्हणजे हवेचा रोध वजनाइतका होतो आणि वेग वाढायचा थांबतो. त्वरण संपले, की कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय शांत होते, मांजर अंग सैल सोडते, चारी पाय पसरते आणि पोटावर अलगद उतरते.

गोष्ट झकास आहे. पण ज्या शोधनिबंधातून ती निघाली, तो फारसे कोणी वाचत नाही. वेन व्हिटनी आणि शेरिल मेलहाफ या पशुवैद्यांचा हा निबंध १९८७ साली अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आला. १९८४ च्या उन्हाळ्यापासून पाच महिन्यांत न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातील अ‍ॅनिमल मेडिकल सेंटर या दवाखान्यात इमारतींवरून पडलेली १३२ मांजरे आली, त्यांच्या या नोंदी आहेत. ती सरासरी साडेपाच मजले पडली होती. सर्वांत मोठी उडी बत्तीस मजल्यांची होती आणि ते मांजरही जगले. शंभरातील ९० मांजरांच्या छातीला इजा होती. ३७ टक्क्यांना जीव वाचवण्यासाठी तातडीचे उपचार लागले, तर ३० टक्क्यांना नुसते नजरेखाली ठेवणे पुरले. उपचार केलेल्यांपैकी ९० टक्के वाचली.

पशुवैद्याच्या दृष्टीने हे काम मोलाचे आहे. पडलेले मांजर टेबलावर आले, की मोडका पाय ठळकपणे दिसतो, पण जीव जातो तो छातीतील इजेने आणि आघाताने. तेव्हा आधी श्वास पाहा, मग हाडे, हे या नोंदींनी आकड्यांनिशी सांगितले. माझी तक्रार या भागाबद्दल नाही. ती उंचीबद्दलच्या निष्कर्षाबद्दल आहे, आणि निबंधापेक्षा तो निष्कर्ष डोळे मिटून पुढे सांगणाऱ्यांबद्दल जास्त.

पहिला प्रश्न साधा आहे. ही १३२ मांजरे म्हणजे पडलेली सगळी मांजरे नव्हेत, ती दवाखान्यात आणलेली मांजरे आहेत. दुसऱ्या मजल्यावरून पडून अंग झटकून निघून गेलेले मांजर कोण दवाखान्यात नेतो? आणि विसाव्या मजल्यावरून पडून फरशीवरच मेलेले मांजर तरी कशाला नेतील? म्हणजे खालच्या मजल्यांच्या हिशेबातून धडधाकट मांजरे गळली आणि वरच्या मजल्यांच्या हिशेबातून मेलेली. गंमत अशी, की या दोन्ही गळती एकाच दिशेला ढकलतात. खालच्या मजल्यांवरची इजा आहे त्याहून जास्त दिसते, वरच्यांची कमी. प्रत्यक्षात उंचीबरोबर इजा सरळ वाढत असली, तरी दवाखान्याच्या वहीत तो आलेख वरच्या टोकाला खाली वाकू शकतो. शिक्षकांना हे नवे नाही. नववीतच कच्ची मुले गाळून दहावीचा शंभर टक्के निकाल लावणारी शाळा आपल्यापैकी प्रत्येकाच्या माहितीत असते. तिचा निकाल खोटा नसतो, फक्त तो कोणाचा निकाल आहे हे विचारावे लागते.

पाळीव प्राण्यांच्या संशोधनात आणखी एक गळती असते, ती माणसांच्या रुग्णालयात सहसा आढळत नाही. या १३२ पैकी १७ मांजरांना मालकांच्या इच्छेने कायमचे झोपवण्यात आले, आणि तेही बहुतेक वेळा उपचारांचा खर्च परवडत नव्हता म्हणून. खर्च जास्त म्हणजे बहुधा इजाही जास्त. ही १७ वजा करून उरलेल्या ११५ पैकी ८ मेली, असा हिशेब मांडला गेला. त्या १७ मांजरांचे भवितव्य इजेने ठरवले की मालकाच्या खिशाने, हे कोणत्याही गणिताने वेगळे काढता येत नाही.

आता आकड्यांचा आकार पाहा. सातव्या मजल्याच्या वरून पडलेली मांजरे होती २२, त्यांतले १ मेले. म्हणजे साडेचार टक्के, आणि एकूण प्रमाण सात टक्के. सगळा चमत्कार या दोन संख्यांवर उभा आहे. मेलेले आणखी एकच मांजर कोणी टोपलीत घालून आणले असते, तर २३ पैकी २, म्हणजे जवळजवळ नऊ टक्के झाले असते आणि गोष्ट उलटी झाली असती. बावीसातला एक यावरून खरे प्रमाण अर्धा टक्काही असू शकते आणि वीस टक्केही, इतपतच संख्याशास्त्र सांगते. नवव्या मजल्याच्या वरून पडलेल्या १३ मांजरांत हाड मोडल्याची घटना एकच होती, हा आकडा थोडा अधिक बोलका आहे. पण हाडे कमी मोडणे आणि इजा कमी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भौतिकशास्त्राचे काय? मांजराचा अंतिम वेग ताशी सुमारे ९७ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २७ मीटर सांगितला जातो. तो मान्य करू, रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात धरू आणि मजला तीन मीटरांचा मानू. बारावीच्या हुशार विद्यार्थ्याला पुढचे गणित जमावे. सात मजले म्हणजे २१ मीटर पडल्यावर वेग भरतो सेकंदाला सुमारे १८ मीटर, अंतिम वेगाच्या फक्त दोन-तृतीयांश. त्या क्षणी मांजराचे त्वरण अजून गुरुत्वत्वरणाच्या निम्म्याहून अधिक असते. अंतिम वेगाच्या ९० टक्क्यांपर्यंत जायला सुमारे साठ मीटर, म्हणजे वीस मजले लागतात. मग सातव्या मजल्याच्या आसपास कानातील इंद्रिय शांत कशाने व्हावे? शिवाय सात मजल्यांवरून आलेल्या मांजराच्या तुलनेत अंतिम वेगाने आदळणाऱ्या मांजराची गतिज ऊर्जा दुपटीहून अधिक असते. पाय पसरल्याने रोध थोडा वाढेल आणि धक्का मोठ्या भागावर विभागला जाईल, हे खरे. पण मांजर हवेत कसे होते, हे दवाखान्याच्या वहीतून कळत नाही. आणि पोटावर आदळले, तर पायांऐवजी मार छातीला बसणार.

क्रोएशियातील झाग्रेब येथे व्नुक आणि सहकाऱ्यांनी चार वर्षांतल्या ११९ मांजरांच्या नोंदी २००४ साली प्रसिद्ध केल्या, त्यात हेच दिसते. सातव्या किंवा त्याहून वरच्या मजल्यावरून पडलेल्यांना इजा अधिक गंभीर होत्या आणि छातीच्या इजांचे प्रमाणही जास्त होते. न्यूयॉर्कमध्ये छातीची इजा ९० टक्क्यांना, झाग्रेबमध्ये सर्व मिळून सुमारे ३४ टक्क्यांना. तेथली मांजरे सरासरी चारच मजले पडली होती हे एक कारण असेल, पण फरक एवढा मोठा आहे, की दवाखान्यात काय आणले जाते आणि तेथे काय तपासले जाते, याचाही वाटा त्यात असणार. अर्थात झाग्रेबची वहीसुद्धा दवाखान्याचीच वही आहे. मेलेली मांजरे तिच्यातही नाहीत.

यावरून लहान प्राण्यांवरचे सगळेच संशोधन कच्चे आहे, असे कोणी समजू नये. मांजरे गच्चीवरून टाकून प्रयोग करता येत नाही, करूही नये, म्हणून येथे नोंदींवर भागवावे लागते. जेथे प्रयोग शक्य असतो, तेथे याच क्षेत्रातील लोक स्वतःवरच संशय घेताना दिसतात. सांधेदुखीने लंगडणाऱ्या ५८ कुत्र्यांना एका चाचणीत औषधाऐवजी निव्वळ भासऔषध दिले होते. जमिनीवर पडणारा पायाचा दाब यंत्राने मोजून पाहिला, तेव्हा मालकांनी सुमारे ४० टक्के वेळा नसलेली सुधारणा पाहिली होती, आणि डॉक्टरांनी सुमारे ४५ टक्के वेळा. कॉन्झेमियस आणि एव्हान्स यांनी २०१२ साली हे छापले. डॉक्टर मालकांपेक्षा बरे ठरले नाहीत, हे पशुवैद्यांच्याच नियतकालिकात आले, याचे मला विशेष वाटते.

मांजराच्या गोष्टीला मात्र अशी तपासणी सहसा भेटत नाही. दहाव्या मजल्यावर राहणारा एखादा गृहस्थ ती वाचून खिडकीला जाळी लावायचे टाळू शकतो, म्हणून ती निरुपद्रवी म्हणता येत नाही. वर्गात ती सांगायला माझी हरकत नाही. सांगून झाल्यावर फळ्यावर एक तक्ता काढावा. पहिल्या रकान्यात मजला, दुसऱ्यात दवाखान्यात आणलेली मांजरे, तिसऱ्यात त्यांतली वाचलेली. चौथ्या रकान्यावर ‘न आणलेली’ असे लिहावे आणि तो कसा भरता येईल, कोणाच्या नोंदी त्यासाठी लागतील, हे मुलांना विचारावे. रखवालदार, सफाई कामगार, शेजारी अशी उत्तरे येऊ लागतील.