'असूडा'तला उपरोध आणि दारिद्र्याचा हिशेब

दारिद्र्यावरच्या उपरोधी लेखनात दोन जाती आहेत. एकीत वाचक गरिबाला हसतो. दुसरीत गरिबावर जगणाऱ्याला. आपली प्रस्थापित समीक्षा पहिलीला निखळ विनोद म्हणते आणि दुसरीला प्रचार ठरवून मोकळी होते. जोतीराव फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) दुसऱ्या जातीचा आहे. म्हणूनच त्याच्या वाङ्मयीन बांधणीकडे फारसे कोणी पाहिले नाही.

ॲरिस्टॉटलने मन वळवण्याचे तीन मार्ग सांगितले: बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याची भावना आणि युक्तिवाद. दारिद्र्याचे लेखक बहुधा भावनेपासून सुरुवात करतात. आधी अश्रू, मग दानधर्म. जोतीरावांनी हा क्रम उलटा केला. पहिल्या प्रकरणात शेतकऱ्याच्या जन्माआधीपासून मरणानंतरपर्यंत धर्माच्या नावाने त्याच्याकडून काय काय उकळले जाते, याची ते जंत्रीच देतात. एकेक विधी किरकोळ वाटतो. विधीमागून विधी, दक्षिणेमागून दक्षिणा अशी रांग लागली की हसू येते आणि बेरीजही कळते. इथे उपरोध हाच युक्तिवाद होतो. कलेक्टरच्या तंबूवरून पुटपुटत परतणारा शेतकरी आणि त्याचे घर येते ते चौथ्या प्रकरणात. तोवर कारणे वाचकाला ठाऊक झालेली असतात. त्यामुळे त्याला कीव करून सुटता येत नाही.

विश्वासार्हतेचे म्हणाल तर १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकरांनी दिलेल्या मेजवानीला जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात गेले. त्या झगमगाटात तो वेष हाच उपरोध होता. अशा लेखनाची किंमतही मोजावी लागते. आपल्याच चळवळीच्या 'दीनबंधु'ने 'असूडा'ची पहिली दोन प्रकरणे छापून पुढची थांबवली.

एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. 'असूडा'च्या केंद्रस्थानी कुणबी, माळी, धनगर असा जमीन कसणारा माणूस आहे. गावकुसाबाहेरच्या भूमिहीनाच्या घराची तशी तपशीलवार नोंद त्यात नाही. ती पुढे दलित लेखकांना स्वतः करावी लागली.

जोतीरावांनी या ग्रंथाचे भाग जुन्नर, ओतूर येथे लोकांना वाचून दाखवले होते. पिंपरीहून त्याच जुन्नरकडे निघालो की वाटेत भोसरी आणि चाकणचे कारखाने लागतात. या पट्ट्यातले आमचे विद्यार्थी पथनाट्ये लिहितात. त्यांत कंत्राटी कामगाराचे उपाशी मूल रडते, प्रेक्षक हळहळतात, टाळ्या वाजवतात आणि ठेकेदारही त्या टाळ्यांत सामील होऊ शकतो. अशा नाटकाने कोणाचेच काही बिघडत नाही. त्याऐवजी एका महिन्याच्या मजुरीला ठेकेदार, खोलीमालक, सावकार असे कोण कोण हात लावतात, ते ओळीने रंगमंचावर आणावे. प्रत्येकाने आपली कपात अदबीने, नियमावर बोट ठेवून मागावी. शेवटी कामगाराच्या हातात काय उरले, ते प्रेक्षकांनाच मोजायला लावावे. ती बेरीज ऐकून ठेकेदाराला टाळी वाजवणे जड जाईल.