पन्नास किलोमीटरांचे वर्तुळ

नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या यांविषयीच्या २०१९ च्या नियमांत एक तरतूद आहे. ज्या चाचणी-केंद्राला स्वतःची नैतिकता समिती नाही, त्याने अन्य केंद्राच्या किंवा स्वतंत्र समितीची मान्यता घ्यावी. मात्र ती समिती त्याच शहरात अथवा ५० किलोमीटरांच्या त्रिज्येत असावी. समिती जवळ असली म्हणजे देखरेख घडते, हे यामागील गृहीत होय.

पालघरपुरते ते तपासून पाहू. पालघर शहर केंद्र धरल्यास वसई वर्तुळात येते, परळची मोठी रुग्णालये बाहेर राहतात. येथे उद्या एखाद्या लसीची चाचणी योजिली, तर टोचून घेणाऱ्यांत तारापूर औद्योगिक वसाहतीतील परप्रांतीय कामगार असतील, तसेच वारली कुटुंबेही असतील. कामगार सुट्टीत गावी जातो. जव्हार-मोखाड्याची कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांची वाट धरतात. वर्तुळ आखलेले आहे ते केंद्राभोवती, माणसाभोवती नव्हे! गंभीर अपाय घडल्यापासून २४ तासांत अन्वेषकाने नियंत्रक, प्रायोजक व समिती यांस कळवावे, हा नियम उत्तमच; परंतु भट्टीवरून अन्वेषकापर्यंत ती वार्ता कोणी पोहोचवावयाची?

समितीचे निम्मे तरी सदस्य संस्थेबाहेरचे असावेत, हे बंधन योग्य आहे. तथापि बाहेरचा म्हणजे स्वतंत्र, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. स्वातंत्र्याची कसोटी थांबविण्याच्या अधिकारात असते. सप्टेंबर २०२० मध्ये ब्रिटनमधील एका सहभागी व्यक्तीच्या आजारामुळे ॲस्ट्राझेनेकाने चाचण्या स्थगित केल्या. त्याच लसीची पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने भारतात चालविलेली चाचणी मात्र लगेच थांबली नाही. औषध महानियंत्रकांनी कारणे दाखवा नोटीस काढल्यावर ती थांबली. पुढे सुरक्षा-देखरेख मंडळाच्या शिफारशी पाहून महानियंत्रकांनीच पुन्हा परवानगी दिली. मंडळाने सल्ला दिला. चाचणी थांबली ती शासनाच्या पत्राने. अशा मंडळाच्या शिफारशी प्रायोजकाच्या हाती न राहता तत्काळ प्रसिद्ध व्हाव्यात, असे आम्हांस वाटते.

सर्वांत खटकणारे कलम उपचारांविषयीचे आहे. अपाय झालेल्यास मोफत उपचार मिळावयाचे, ते अन्वेषकाच्या मते आवश्यक असेपर्यंत, किंवा अपायाचा चाचणीशी संबंध नाही असे ठरेपर्यंत; यांतील जे आधी घडेल तोवर. म्हणजे ज्याने सुई टोचली, त्याच्याच मतावर उपचारांची मुदत अवलंबून. हे मत समितीने रुग्णास स्वतः भेटून पडताळावे, अशी अट त्या कलमात नाही.