अफूचे दोन साक्षीदार

गार्सिया द ओर्ता यांचा औषधींवरील संवादग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. लिन्शोटेन हा डच गृहस्थ १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात आर्चबिशपांच्या चाकरीत होता. त्याचा प्रवासग्रंथ १५९६ साली अ‍ॅम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. गोमंतकाच्या इतिहासाची साधने म्हणून हे दोन्ही ग्रंथ मान्यता पावलेले आहेत. मिरी, दालचिनी, जहाजे आणि बाजार यांच्या माहितीसाठी अभ्यासक त्यांच्याकडे वळतात; अफू व भांग यांवरील पाने मात्र बहुधा मौजेची म्हणून वाचली जातात. आमच्या मते या पानांचे मोल त्याहून पुष्कळ अधिक आहे. आपण आजही ज्या तीन गोष्टी 'व्यसन' या एकाच शब्दाच्या गाठोड्यात बांधतो, त्यांतील दोन या साक्षीदारांनी उघड्या डोळ्यांनी पाहून लिहून ठेवल्या आहेत.

ओर्ता हे पेशाने वैद्य. त्यांच्या ग्रंथात रुआनो नावाचा कल्पित पाहुणा पुस्तकी शंका काढतो आणि ओर्ता अनुभवाने उत्तर देतात. अफूच्या संवादात त्यांनी निजामशहाच्या पदरी असलेल्या एका खुरासानी चिटणिसाचा दाखला दिला आहे. अहमदनगरच्या दरबारी ओर्ता स्वतः वैद्य म्हणून जात असत. तेव्हा ही ऐकीव गोष्ट नव्हे. हा चिटणीस रोज सुमारे तीन तोळे अफू खाई. तो सदा पेंगत असे. परंतु कामाचे बोलणे निघाले की सुशिक्षित व विचारी माणसाप्रमाणे बोले. तीन तोळे म्हणजे आजच्या मापाने सुमारे पस्तीस ग्रॅम. याचा अल्पसा अंशही नवख्या माणसाचा प्राण घेण्यास पुरेसा होतो. ओर्ता या दाखल्यातून नीतिपाठ काढावयास धावत नाहीत. चिटणिसाची झापडही ते सांगतात आणि त्याची बुद्धीही सांगतात. हा त्यांच्या लेखनाचा मोठा गुण होय.

लिन्शोटेनची शैली रुक्ष आहे, पण या विषयात त्याची नजर अधिक नेमकी आहे. तो दोन गोष्टी बजावतो: ज्याला अफूची सवय आहे त्याला ती रोज घ्यावीच लागते, न मिळाल्यास तो झिजून मरतो, आणि ज्याने ती कधी खाल्ली नाही त्याने सरावलेल्याइतकी एकदम खाल्ली, तर तो खचित मरतो. यातील दुसरे विधान आजही जसेच्या तसे उभे आहे. पहिल्यात अतिशयोक्ती आहे. अफू एकाएकी तुटल्यास अंगदुखी, घाम, जुलाब, निद्रानाश यांनी माणूस हैराण होतो. परंतु एरवी धडधाकट असलेला माणूस त्यामुळे सहसा दगावत नाही. मृत्यूचे भय निराळ्याच ठिकाणी असते. काही काळ खंड पडून शरीराचा सराव मोडला आणि मग जुनीच मात्रा घेतली, तर श्वास बंद पडू शकतो.

या दोन साक्षींतून दोन वस्तू वेगळ्या होतात. अफूतील मॉर्फीन मज्जापेशींवरील ग्राहींना वारंवार जाऊन मिळाले की पेशींचा प्रतिसाद मंदावतो आणि पूर्वीची मात्रा अपुरी पडते, ही पहिली. चरकसंहितेने सवयीने अंगवळणी पडलेल्याला 'ओकसात्म्य' असे नाव दिले आहे; ही अवस्था त्याच जातीची. दुसरी म्हणजे शरीराचे अवलंबन: औषध तुटताच शरीर बंड करते. त्यावर उपाय मात्रा हळूहळू उतरवण्याचा. अहितकर सवय टप्प्याटप्प्याने सोडावी, हा क्रमही चरकाने सांगितलेला आहे. तिसरी वस्तू, म्हणजे खरे व्यसन, ही की हानी दिसत असताही मन त्या द्रव्यामागे धावते आणि इतर सारे कर्तव्य मागे पडते. पहिल्या दोन गोष्टी नियमित औषध घेणाऱ्या सज्जन रोग्याच्याही वाट्याला येतात. तिसरी सर्वांच्या वाट्याला येत नाही.

भांगेच्या संवादात मात्र ओर्ता आम्हांस उणे वाटतात. आपण भांग कधी घेतली नाही व घेण्याची इच्छाही नाही, असे ते प्रांजळपणे सांगतात. पण मग सारी भिस्त ऐकिवावर पडते. थोडी भांग घेतली की रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान येथे जाऊन येतो, असे गुजरातचा बहादुरशहा म्हणे. कथा रंजक आहे. परंतु धनवान लोक भांगेत कस्तुरी, अंबर आणि अफूसुद्धा मिसळत, असेही ओर्ताच लिहितात. मग शहाची सफर भांगेने घडवली की अफूने, हा प्रश्न त्यांनी विचारावयास हवा होता. त्यामानाने त्यांच्या चाकरांची साक्ष मोलाची आहे: भांगेने श्रम जाणवत नाहीत आणि खाण्याची वासना होते. याच वनस्पतीतील मुख्य मादक घटकावरून बनलेले औषध अमेरिकेत १९८५ साली कर्करोगाच्या उपचारातील वांत्यांसाठी आणि १९९२ साली एड्सच्या रोग्यांची भूक वाढवण्यासाठी मान्य झाले. वेदनेवर भांगेचा गुण मात्र अद्याप माफकच सिद्ध झाला आहे, आणि सराव व अवलंबन तिलाही चुकलेले नाहीत.

दोन्ही ग्रंथांतील मोठी उणीव अशी, की वेदनेने तळमळणारा रोगी या पानांवर जवळजवळ दिसतच नाही. आपल्या समाजातही तोच दृष्टीआड राहिला. १९८५ च्या मादक द्रव्य कायद्यानंतर मॉर्फीनसाठी अनेक परवाने लागू लागले आणि कित्येक रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ही वाट सोपी झाली. तरीही कर्करोगाच्या अखेरच्या दिवसांत 'सवय लागेल' म्हणून गोळी नाकारणारे आप्त घरोघर आढळतात. याच्या उलट चूक अमेरिकेत घडली. तेथे १९९६ पासून ऑक्सिकोन्टिन हे औषध व्यसनाचा धोका कमी असल्याचे भासवून खपवले गेले. २००७ साली त्या कंपनीने न्यायालयात आपला अपराध कबूल केला. एकीकडे सरावालाच व्यसन मानले गेले, दुसरीकडे व्यसनाचे भयच नाकारले गेले. भोगावे लागले ते दोन्हीकडे रोग्यांना.

म्हणून या पानांचे मराठी वा कोंकणी रूपांतर जो कोणी करील, त्याला आमची एकच विनंती आहे. चिटणिसाच्या तीन तोळ्यांना सराव म्हणावे, लिन्शोटेनच्या रोजच्या गरजेला अवलंबन म्हणावे, आणि व्यसन हा शब्द जेथे तो खरोखर लागू पडतो तेथेच योजावा. मूळ लेखकांनी जे वेगळे पाहिले ते भाषांतरात एक होऊ नये. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या वाचकाला या तीन शब्दांचा उपयोग केव्हा पडेल, हे सांगता येत नाही.