‘फँटम’चा ‘वेताळ’ होताना : नामांतर आणि चित्रसंहिता

चित्रकथांचा विचार मराठी समीक्षेत प्रामुख्याने बालवाचकाच्या अभिरुचीच्या संदर्भात झालेला आहे. परिणामी चित्रकथा ही शब्द आणि चित्र या दोन चिन्हव्यवस्थांची संयुक्त संहिता आहे आणि भाषांतरात त्यांपैकी एकच व्यवस्था बदलते, ही मूलभूत बाब दुर्लक्षित राहिली. ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधील ‘वेताळ’ या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा आहे.

ली फॉक यांची ‘फँटम’ ही चित्रमालिका अमेरिकन वृत्तपत्रांत १७ फेब्रुवारी १९३६ रोजी सुरू झाली. आरंभीची चित्रे रे मूर यांची होती. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल’चा पहिला अंक काढला तो याच नायकाचा. पुढे ही पुस्तिका मराठीसह अनेक भारतीय भाषांतून निघत राहिली आणि १९९० मध्ये बंद पडली.

मूळ कथेची रचना वसाहतवादी आहे, हे वेगळे सिद्ध करण्याची गरज नाही. १५३६ मध्ये चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एक गोरा तरुण दूरच्या किनाऱ्याला लागतो, पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो आणि त्याचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या तोच मुखवटा धारण करतात. अरण्यवासीयांना तो अमर वाटतो. तो एकविसावा वंशज आहे हे वाचकाला मात्र ठाऊक असते. या रचनेतील कळीची गोष्ट नायकाचे गोरेपण एवढीच नाही. संहिता वाचकाला त्या रहस्यात भागीदार करून घेते आणि अरण्यवासीयांच्या अज्ञानाकडे वरून पाहण्याची जागा त्याला देऊ करते, ही खरी कळीची गोष्ट होय.

भारतीय आवृत्तीने या संहितेत जे बदल केले ते सूचक आहेत. मूळ मालिकेतील स्थळनाम बंगालची आठवण करून देणारे होते. ‘इंद्रजाल’मध्ये त्याचे ‘डेंकाली’ झाले. ‘सिंग’ चाचे ‘सिंगा’ झाले आणि विसाव्या फँटमचा मारेकरी ‘रामा’ हा ‘रामालू’ झाला. वाचकाची अस्मिता दुखावू नये, हा हेतू उघड दिसतो. परंतु या बदलांचा दुसराही एक परिणाम संभवतो. जित प्रजा ‘आपण’ नव्हेत, असे मानण्याची सोय भारतीय वाचकाला झाली. अपमानाची खूण पुसली गेली, अपमानाची रचना मात्र शाबूत राहिली.

‘वेताळ’ या नावाचे कार्य याहून वेगळे आणि गुंतागुंतीचे आहे. हा शब्द ‘फँटम’चा कोशगत पर्याय नव्हे. मराठी मनात वेताळ हा एकीकडे ‘वेताळपंचविशी’तला कथेकरी आहे, तर दुसरीकडे भूतगणांचा अधिपती आणि गावाचा राखणदार आहे. कोकणात आणि गोव्यात तो ग्रामदेवता म्हणून पुजला जातो. आमोण्याचे बेताळाचे देवस्थान प्रसिद्ध आहे. रात्री तो सीमेवरून फेरी घालतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला नव्या वहाणा वाहतात. ‘चालणारे भूत’ हे फॉक यांच्या नायकाचे बिरुद मराठीत उतरताना या झिजलेल्या वहाणांचा संदर्भ आपोआप जागा होतो. मूळ कथेत भूत म्हणजे अज्ञ लोकांचा भ्रम आहे. ‘वेताळ’ या शब्दात मात्र तो श्रद्धेचा विषय आहे. जंगलातल्या माणसांची श्रद्धा आणि वाचकाच्या आजीची श्रद्धा यांतले अंतर या एका शब्दाने कमी होते. वाचकाला देऊ केलेली वरची जागा निदान काही क्षण डळमळते.

म्हणून हे नामांतर ‘देशीकरण’ ठरते काय? माझ्या मते, नाही. गद्य कादंबरीत नाव बदलले की पात्राचा चेहराही वाचकाच्या कल्पनेत बदलू शकतो. चित्रकथेत चित्र तसेच राहते. संवादाच्या फुग्यात ‘वेताळ’ आणि त्याच्याखाली परक्या रेषेने काढलेला गोरा, मुखवटाधारी पुरुष, असा विरोध एकाच चौकटीत नांदतो. फुग्यांचा आकार इंग्रजी मजकुराने आधीच ठरवलेला असल्यामुळे मराठी वाक्येही आखडून बसतात. शब्द आपल्या परंपरेकडे ओढतो, चित्र मूळ सत्तासंबंध पुन्हा प्रस्थापित करते. या ताणाचे निराकरण न होणे हेच ‘वेताळ’च्या संहितेचे वैशिष्ट्य होय.

याच ‘इंद्रजाल’मध्ये १९७६ मध्ये आलेला आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ या पार्श्वभूमीवर पाहावा. गोविंद ब्राह्मणिया यांनी रेखाटलेला हा नायक कुर्ता आणि जीन्स घालतो. पण त्याचे भारतीयत्व वेशापुरते नाही. तो दरोडेखोराचा मुलगा आहे. पित्याला मारणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याच्याच आधाराने तो वाढतो आणि सूडाचा वारसा नाकारतो. वेताळाचे अधिष्ठान पित्यासाठी घेतलेली शपथ हे आहे, बहादूरचे अधिष्ठान पित्याशी घेतलेली फारकत हे आहे. शिवाय बहादूर गावकऱ्यांना संघटित करून नागरिकांचे सुरक्षा दल उभारतो. त्याला आपल्या अमरत्वाचा भ्रम पोसावा लागत नाही. येथे रचनाच बदलली आहे.

‘इंद्रजाल’च्या उभारणीत सहभागी असलेल्या अनंत पै यांनी १९६७ मध्ये ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. तिच्याकडे परक्या चित्रकथांना दिलेले देशी उत्तर म्हणून पाहिले जाते. परंतु पौराणिक आशय आणला म्हणजे देशीपण साधते, हे गृहीत तपासून घ्यावे लागेल. नाव, वेश आणि आशय हे देशीकरणाचे दृश्य स्तर आहेत. संहिता वाचकाला कोणत्या जागी उभे करते, हा त्याखालचा स्तर आहे. ‘वेताळ’ने पहिल्या स्तरावर बदल केला आणि दुसऱ्याला केवळ धक्का दिला. चित्रकथांच्या मराठी समीक्षेला या दुसऱ्या स्तरापासूनच आरंभ करावा लागेल.