जनाबाईचें जातें

परभणी जिल्ह्यांतील राणीसावरगांव ज्या तालुक्यांत मोडतें, त्या गंगाखेडचें नांव मराठी वाङ्मयांत अमर झालें तें जनाबाईमुळें. गोदातीरीं जन्मलेली ही मुलगी पंढरपुरास दामाशेटींच्या घरीं दासी म्हणून वाढली, व नामदेवांच्या (१२७०–१३५०) सहवासांत कवयित्री झाली. तिच्या नांवावर आज ३०० हून अधिक अभंग आहेत.

तिच्याविषयीं बोलतांना आमचे कीर्तनकार व टीकाकार बहुधा एकाच कथेपाशीं थांबतात: विठ्ठल तिच्याबरोबर दळूं लागला. कथा गोड खरी. परंतु चमत्काराकडे डोळे लागले म्हणजे जात्याकडे कोणी पाहत नाहीं.

येथें चीनमधील महाकवि दू फू (७१२–७७०) याची आठवण होते. आन लुशानचें बंड पेटलें त्या ७५५ सालींच त्याचें तान्हें मूल उपासमारीनें दगावलें. वाऱ्यानें उडालेलें घराचें छप्पर, रात्रीं खेड्यांत शिरलेला सैन्यभरतीचा अंमलदार, असे प्रसंग त्यानें काव्यांत आणले. त्याचें संकट निवारावयास कोणी देव आला नाहीं. म्हणून वाचकास त्या छपराकडेच पाहावें लागतें.

कोणी म्हणेल, भक्ति वजा केल्यावर जनाबाईंत उरतें काय? आक्षेप रास्त आहे. दू फू हा राजसेवेची आस बाळगणारा विद्वान. जनाबाईस विठ्ठलावांचून आसरा नव्हता. भक्ति वजा करावी असें आमचें म्हणणें नाहींच. परंतु देव खुंट्यास हात लावतो याचें मोल कळावयास जात्याचें ओझें आधीं कळलें पाहिजे. दळणें, कांडणें, झाडलोट, शेणगोवऱ्या हा तिचा रोजचा दिवस होता, आणि त्याच दिवसांत तिला देव भेटला.

'नामयाची दासी' या तिच्या नाममुद्रेकडेहि याच दृष्टीनें पाहावें. इतर संत स्वतःस दास म्हणवितात तें विनयानें. जनी दासी म्हणविते तेव्हां ती आपली वस्तुस्थिति सांगते, आणि त्याच शब्दानें आपलें कवित्व मिरविते. एवढें धैर्य आमच्या वाङ्मयांत विरळा.

जनाबाईचे अभंग सुशिक्षित घरांतून आवडीनें गाइले जातात. ते गातांना आपल्याच मोरीवर भांडीं घासणाऱ्या बाईकडे नजर वळली, तर अभंग खरोखर वाचला असें आम्ही म्हणूं.