नामशेष कोण?

आल्फ्रेड क्रोबर यांचा कॅलिफोर्नियातील आदिवासींवरील ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील माहितीचा व्याप थोर आहे. परंतु सॅन फ्रान्सिस्को उपसागराकाठचे ओलोनी लोक व्यवहारतः नामशेष झाले, हा त्यातील निर्वाळा आम्हांस मान्य नाही. त्याच दशकात हॅरिंग्टन हे भाषाशास्त्रज्ञ मारिया कोलोस या ओलोनी वृद्धेकडून चोचेन्यो भाषा टिपून घेत होते. क्रोबरांनी मिशनपूर्व जीवन हाच अस्सलपणाचा निकष मानला. १७९७ साली स्थापन झालेल्या मिशन सॅन होजेत बाप्तिस्मा घेतलेल्यांचे वंशज त्या निकषात बसले नाहीत. मिशनांनी त्यांच्या भाषेची व चालीरीतींची केलेली हानी आपण ख्रिस्ती वाचकांनीही नाकारू नये.

हॅरिंग्टनांच्या टिपणांवरून व्हिन्सेंट मेडिना चोचेन्यो शिकले. २०१८ साली त्यांनी लुइस ट्रेव्हिनो यांच्यासह बर्कली येथे 'कॅफे ओलोनी' हे उपाहारगृह काढले. ओक वृक्षाच्या बिया दळून, पीठ पाण्याने धुऊन त्यांचा कडवटपणा घालवावा लागतो; ते पूर्वजांचे अन्न तेथे सन्मानाने वाढले गेले. मुवेक्मा ओलोनी जमातीला अमेरिकी सरकारने २००२ साली मान्यता नाकारली, हे खरे. तथापि ज्यांची भाषा व चूल चालू आहे, त्यांना नामशेष म्हणणारा ग्रंथ, कितीही विद्वत्तापूर्ण असला तरी, अपुराच होय.