गळा कोणाचा, तबकडी कोणाची?

1902 साली कलकत्त्यास गोहरजान ग्रामोफोनच्या भोंग्यापुढे गायल्या आणि गाणे संपताच त्यांनी इंग्रजीतून स्वतःचे नाव पुकारले. तबकडी जर्मनीत छापायची. तेथील कारागिरांना गायिका कोण ते कळावे, एवढाच हेतू. मला मात्र त्या पुकाराऱ्यात आपल्या गळ्यावर सांगितलेला हक्कच ऐकू येतो.

कायद्याला तो ऐकू यायला नव्वदांवर वर्षे लागली. 1960च्या दशकात लताबाईंनी ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीत गायकांचा वाटा मागितला. ठरलेले पैसे घेतले की हक्क संपला, असे रफीसाहेबांचे मत. त्यापायी दोघे काही वर्षे एकत्र गायले नाहीत. रफीसाहेबांचा निर्लोभीपणा थोर खराच. पण वीस वर्षांनी तीच तबकडी खपली तर विकणाऱ्याला पैसे मिळावेत आणि गाणाऱ्याला नाही, यात न्याय तो कोणता? बाईंचेच बरोबर होते.

1977 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की मोबदला देऊन चित्रपटासाठी करवून घेतलेल्या गीत-संगीताचा धनी, वेगळा करार नसल्यास, निर्माताच. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मात्र पुरवणी जोडून, गाणाऱ्याला कायद्यात थाराच नाही, ही उणीव संसदेच्या नजरेस आणली. 1994च्या दुरुस्तीने गायकाचा हक्क कायद्यात आला. 2012च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधनाचा समान वाटा दिला, आणि तो कोणी लिहून घेतला तरी निरर्थक ठरेल अशी तजवीज केली.

आता नव्या गायकाने कागद वाचावा. हस्तांतर लेखी व सहीचे हवे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क वर्षभर वापरला नाही, तर वेगळे ठरले नसल्यास तो परत फिरतो. शाळेत आम्ही षष्ठीचे ‘चा-ची-चे’ घोकून घेतो. येथे त्या प्रत्ययावर पोट अवलंबून असते! म्हणूनच धूर्त करारांत ‘कायमचे’ आणि ‘अखिल विश्वात’ हे शब्द आधीच छापलेले असतात. मंगळावर कोणी ऐकू लागला, तर त्याचाही बंदोबस्त.

पैसे घेऊन श्रोत्यांचा आकडा फुगवून देणारे दलाल भेटतातच. ते श्रोते यंत्रांचे. त्यांना टाळी वाजवता येत नाही. त्यापेक्षा मूळ ध्वनिमुद्रण स्वतःपाशी ठेवावे, आणि गीत कोणाचे, चाल कोणाची, गळा कोणाचा, हे मुद्रणाच्या दिवशीच कागदावर मांडून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. तबलजीचीसुद्धा.